लुई चौदाव्याचे परराष्ट्रधोरण : आक्रमणाचा प्रश्न आणि समर्थनाचे वाङ्मय

१. प्रश्नाची मांडणी

फ्रान्सचा राजा चौदावा लुई (१६३८–१७१५) याचे परराष्ट्रधोरण आक्रमक होते काय, हा प्रश्न युरोपच्या इतिहासलेखनात इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याची दोन्ही उत्तरे आता साचेबद्ध झाली आहेत. कार्दिनाल माझारँच्या मृत्यूनंतर, १६६१ मध्ये, लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि मृत्यूपर्यंत ५४ वर्षे तो कोणाही प्रधानमंत्र्यावाचून चालवला. या अवधीत फ्रान्सने चार मोठी युद्धे केली : डिव्होल्यूशनचे युद्ध (१६६७–६८), डच युद्ध (१६७२–७८), नऊ वर्षांचे युद्ध (१६८८–९७) आणि स्पॅनिश वारसायुद्ध (१७०१–१४). एका मतानुसार ही सर्व युद्धे कीर्तिलोभी राजाच्या विस्तारवादाची फळे होत. दुसऱ्या मतानुसार हाब्सबर्ग सत्तेने वेढलेल्या देशाला सुरक्षित सीमा मिळवून देण्याची ती धडपड होती. राग्नहिल्ड हॅटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात लुईला त्याच्या समकालीन राजांच्या पंक्तीत बसवून पाहिले आणि त्याच्या खलनायकत्वाचा रंग बराच फिका केला. जॉन लिन यांनी १९९९ मध्ये मध्यम मार्ग सुचवला : १६७० च्या दशकाच्या मध्यानंतर राजाचे साध्य प्रामुख्याने बचावाचे होते, साधने मात्र आक्रमक होती.

प्रस्तुत निबंधात हा वाद थोड्या निराळ्या बाजूने तपासावयाचा आहे. लुईच्या प्रत्येक युद्धाबरोबर समर्थनाचे एक वाङ्मय निर्माण झाले. त्याचा प्रकार मात्र दर वेळी बदलत गेला : कधी विधिग्रंथ, कधी स्तुतिकाव्य, कधी न्यायालयाचा निवाडा, कधी जाहीरनामा, तर अखेरीस प्रजेला लिहिलेले पत्र. हे वाङ्मय इतिहासकार सहसा प्रचार म्हणून बाजूला ठेवतात. परंतु धोरणाचे स्वरूप ठरवण्याच्या दृष्टीने तो प्रथम दर्जाचा पुरावा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. राजाच्या मनात काय होते हे आपण सांगू शकत नाही. आपल्या मागणीला प्रतिपक्षाने उत्तर द्यावे, अशी जागा त्याने ठेवली होती की नाही, हे मात्र या संहितांवरून सांगता येते.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. युरोपीय भाषांतील ‘अग्रेशन’ हा शब्द लॅटिन ‘अग्रेदी’ या क्रियापदापासून आला असून त्याच्या मुळाशी ‘च्या दिशेने पाऊल टाकणे’ हा अर्थ आहे. संस्कृत ‘आ + क्रम्’ या धातुरूपातही पाऊल टाकण्याचीच कल्पना आहे. दोन्ही शब्दांना दोषाचा अर्थ पुढे चिकटला. मराठीत तर हा भेद फारच ठळक आहे : स्वपक्षाची ती ‘मोहीम’, ‘स्वारी’ किंवा ‘चढाई’, आणि परपक्षाचे ते ‘आक्रमण’. म्हणजे या शब्दात कृतीच्या वर्णनाबरोबर निवाडाही आलेला असतो. युद्ध पुकारण्याचा अधिकार सार्वभौम राजाला आहे, हे सतराव्या शतकात सर्वमान्य होते. आक्रमणाची जी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ मध्ये स्वीकारली, ती लुईला लावणे अर्थातच कालविपर्यासाचे होईल. परंतु न्याय्य आणि अन्याय्य युद्धाचा विवेक त्या काळाला अपरिचित नव्हता. ह्यूगो ग्रोशियसचा युद्ध आणि शांतता यांच्या विधीवरील ग्रंथ पॅरिसमध्येच, १६२५ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. तेव्हा लुईला त्याच्या काळाच्याच मापाने मोजणे शक्य आहे, आणि त्याच्या समकालीनांनी तसे मोजलेही.

२. हक्काचा ग्रंथ : १६६७

१६५९ च्या पिरेनीजच्या तहानुसार लुईचा विवाह स्पेनच्या राजकन्येशी, मारी-तेरेझशी, १६६० मध्ये झाला. वडिलांच्या वारशावरील हक्क तिने सोडला होता. पण हा त्याग ५ लाख सुवर्ण एक्यू इतक्या हुंड्याच्या मोबदल्यात होता, आणि तो हुंडा स्पेनने कधीच दिला नाही. १६६५ मध्ये चौथा फिलिप मरण पावला आणि दुसऱ्या विवाहापासून झालेला त्याचा अल्पवयीन मुलगा, दुसरा कार्लोस, गादीवर आला. फ्रेंच विधिज्ञांनी आता ब्राबांट प्रांतातील एक स्थानिक रूढी पुढे केली. पहिल्या विवाहाच्या अपत्यांना दुसऱ्या विवाहाच्या अपत्यांपेक्षा वारशात अग्रहक्क देणारी ही रूढी ‘डिव्होल्यूशन’ म्हणून ओळखली जाई. तिच्या आधारे स्पॅनिश नेदरलँड्सचा मोठा भाग राणीचा ठरतो, असा दावा करणारा सविस्तर ग्रंथ १६६७ मध्ये फ्रेंच सरकारने प्रसिद्ध केला.

हा दावा निव्वळ बहाणा होता, असे म्हणून चालणार नाही. सतराव्या शतकात कुटुंबाची वाटणी आणि राज्याचा हक्क यांच्यातील रेषा आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. दहा वर्षांनी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कर्नाटकाच्या मोहिमेत सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे शहाजीराजांच्या जहागिरीतील वाटा मागितला, तेव्हाही दायभागाची भाषा आणि राज्यविस्ताराचे कार्य एकत्रच चालले होते. दोन्ही प्रसंगांची परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. साम्य एवढेच की वारसा ही त्या काळातील राजकारणाची खरी आणि सर्वांना समजणारी भाषा होती.

लुईच्या बाबतीत खटकते ते दाव्यापेक्षा त्याच्या सादरीकरणाचे वेळापत्रक. फ्रेंच दावा १६६७ च्या मे महिन्यात माद्रिदच्या दरबारापुढे ठेवला गेला आणि त्याच महिन्यात फ्रेंच सैन्याने सीमा ओलांडली. ग्रंथाचा आविर्भाव न्यायालयापुढे मांडलेल्या कैफियतीचा होता; पण त्या खटल्याला न्यायालय नव्हते आणि प्रतिवादीला मुदतही नव्हती. तरीही उत्तर आले. सम्राटाच्या सेवेतील मुत्सद्दी फ्रान्स्वा-पॉल द लिसोला याने त्याच वर्षी ‘राज्याची आणि न्यायाची ढाल’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला. खाजगी मालमत्तेची रूढी सार्वभौम राज्याच्या वारशाला लागू होत नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. याच तत्त्वाने पाऊल पुढे पडत गेले तर युरोपावर एकाच राजाची सत्ता येईल, हा त्याचा इशारा होता. लिसोला स्वतः फ्रांश-कोंते प्रांतात जन्मलेला होता. हा प्रांत लुईने १६६८ च्या हिवाळ्यात जिंकला, एक्स-ला-शापेलच्या तहाने परत केला आणि १६७८ मध्ये कायमचा मिळवला.

३. कीर्तीची भाषा : १६७२

१६६७ मध्ये निदान ग्रंथ तरी लिहिला गेला. १६७२ मध्ये डच प्रजासत्ताकाविरुद्ध युद्ध पुकारताना त्याचीही आवश्यकता वाटली नाही. एप्रिलमधील घोषणेत कारण दिले ते एवढेच की डच स्टेट्स-जनरलच्या वर्तनाबद्दल महाराज असंतुष्ट आहेत. वास्तविक कारणे अनेक होती. इंग्लंड आणि स्वीडन यांच्याशी त्रिराष्ट्र-करार करून डचांनी १६६८ मध्ये फ्रान्सची वाटचाल रोखली होती. १६६७ पासून कोल्बेरच्या जकातींमुळे व्यापारी संघर्षही पेटला होता. पण यांपैकी काहीही हक्काच्या भाषेत मांडता येण्यासारखे नव्हते.

येथे ‘ग्लवार’ या फ्रेंच शब्दाकडे वळले पाहिजे. त्याचे भाषांतर ‘कीर्ती’ असे केले की राजा केवळ स्तुतिलोलुप ठरतो. मराठीतील ‘लौकिक’ आणि ‘पत’ या दोन शब्दांच्या मधला काहीसा अर्थ त्यात आहे. राजाचा लौकिक गेला की मित्र सोडून जातात आणि शत्रू धीट होतात, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. हे मान्य केले तरी १६७२ च्या उन्हाळ्यातील वर्तनाचे समर्थन होत नाही. जूनमध्ये फ्रेंच सैन्याने ऱ्हाईन नदी ओलांडली, उट्रेख्ट पडले, आणि डचांनी मास्ट्रिख्टसह दक्षिणेकडील प्रदेश व मोठी रक्कम देऊ केली. सीमेची सुरक्षितता हेच साध्य असते तर याहून चांगला तह मिळणे कठीण होते. लुईने तो नाकारला आणि ज्या अटी घातल्या त्यांत राजाच्या कृपेबद्दल दरवर्षी सुवर्णपदक घेऊन आभार मानायला वकील पाठवण्याचे कलमही होते. डचांनी बांध फोडून आपली भूमी पाण्याखाली घातली, योहान द विट आणि त्याचा भाऊ जमावाकडून मारले गेले, आणि सत्ता ऑरेंजच्या विल्यमकडे गेली. लुईचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी या नाकारलेल्या तहातून उभा राहिला.

या युद्धाचे समर्थन विधिज्ञांऐवजी कवींनी केले. ऱ्हाईन ओलांडण्याच्या प्रसंगावर ब्वालोने त्याच वर्षी पद्यपत्र लिहिले. १६७७ मध्ये ब्वालो आणि रासिन या दोघांची राजाचे इतिहासकार म्हणून नेमणूक झाली. व्हर्सायच्या आरसेमहालाच्या छतावर ल ब्रँने या युद्धाचे प्रसंग रंगवले. त्याखालील शार्पांतिएच्या लेखांत ‘आश्चर्यकारक’, ‘अविश्वसनीय’ अशी विशेषणे होती. पुढे ती काढून ब्वालो आणि रासिन यांनी साधी, विशेषणविरहित वाक्ये घातली. केवळ ‘ऱ्हाईनचे उल्लंघन’ असे म्हटले की पुरे, अशी ब्वालोची भूमिका होती. शैलीच्या इतिहासात हा अभिजातवादी संयमाचा विजय मानला जातो. तुलनात्मक अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. स्तुतीला निदान प्रश्न विचारता येतो. नुसत्या निवेदनाला तोही विचारता येत नाही. विशेषण गळून पडले की विजय हा वादाचा विषय राहत नाही, ती केवळ घटना होते. या दोघांनी सिद्ध केलेल्या इतिहासाची हस्तलिखिते बहुतांशी १७२६ च्या आगीत नष्ट झाली. छतावरील वाक्ये मात्र राहिली.

४. न्यायालयाचा निवाडा : १६७९–८४

लुईच्या धोरणाला बचावात्मक म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार सीमेच्या भूगोलात आहे. १६३६ मध्ये स्पॅनिश सैन्याने कोर्बी घेतले तेव्हा पॅरिसमध्ये घबराट उडाली होती, आणि ती आठवण पुसली गेली नव्हती. दुर्गविद्येचा आचार्य वोबाँ याने १६७३ च्या जानेवारीत युद्धमंत्री लूव्हवाला लिहिले की मित्र आणि शत्रू यांची ठाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, तेव्हा राजाने आपले शेत चौकोनी करून घ्यावे. ‘चौकोनी शेत’ ही उपमा शेतकऱ्याच्या बांधाच्या भाषेतली आहे. दूरची, एकाकी ठाणी सोडून देण्याची तयारीही तिच्यात आहे. निमेगनच्या तहांत (१६७८–७९) काही अंशी तसे झालेही.

परंतु बांध सरळ करण्यासाठी शेजाऱ्याची जमीन लागते, आणि ती कशी मिळवावयाची हा प्रश्न उरतोच. मेट्झ, ब्राइझाख आणि बझांसों येथील न्यायमंडळांकडे हे काम सोपवले गेले. वेस्टफालियाच्या (१६४८) आणि निमेगनच्या तहांत काही प्रदेश ‘त्यांवर अवलंबून असलेल्या’ स्थळांसह फ्रान्सला मिळाले होते. कोणती स्थळे कोणावर अवलंबून होती, हे मध्ययुगीन सनदा आणि दानपत्रे काढून ठरवले जाऊ लागले आणि निवाडा झाला की सैन्य ताबा घेई. या प्रक्रियेला ‘रेयुनियों’, म्हणजे पुनर्मीलन, हे नाव मिळाले. मुळात आपलेच असलेले परत आले, असा त्या शब्दाचा दावा होता. स्वीडनच्या राजाकडे वारशाने येणारे झ्वाइब्र्युकेनही या प्रक्रियेतून सुटले नाही. परिणामी जुना मित्र दुरावला. स्ट्रासबूरचा मोह सामरिक दृष्टीने समजण्यासारखा होता, कारण डच युद्धात तेथील पुलावरून सम्राटाचे सैन्य अल्सासमध्ये उतरले होते. पण ३० सप्टेंबर १६८१ रोजी हे शहर घेतले गेले तेव्हा निवाड्याचीही वाट पाहिली गेली नाही. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला आणि सम्राटाचे हात बांधले गेले. त्याच काळात लुईने लक्झेंबर्गवर दाब वाढवला आणि १६८४ मध्ये ते घेतले. त्याच वर्षीच्या रेगेन्सबुर्गच्या तहाने त्याला हे सर्व वीस वर्षांसाठी मिळाले.

निबंधाचे मुख्य प्रतिपादन येथे सर्वांत स्पष्ट होते. तहाची संहिता दोन पक्षांनी मिळून लिहिलेली असते. संदिग्ध शब्दाचा अर्थ दोघांनी मिळून किंवा तिसऱ्याकडून लावून घ्यावयाचा असतो. पुनर्मीलनाच्या मंडळांत लुई स्वतःच वादी, स्वतःच भाष्यकार आणि स्वतःच न्यायाधीश होता. साध्य सीमेच्या रक्षणाचे असेलही. आक्रमण घडले ते दुसऱ्या पक्षाचा अर्थ लावण्याचा अधिकार काढून घेण्यात. लायब्निझने हे अचूक ओळखले होते. १६७२ मध्ये लुईने हॉलंडऐवजी इजिप्तकडे वळावे, अशी योजना घेऊन तो पॅरिसला गेला होता. १६८३ मध्ये त्याने एक उपहासिका लिहिली आणि तिच्यात फ्रेंच राजाचा समर्थक असल्याचे सोंग घेतले. परमख्रिस्ती राजा सामान्य विधिनियमांच्या वर असून त्याला जे योग्य वाटते तेच न्याय्य होय, असा युक्तिवाद त्याने गंभीर चेहऱ्याने रचला. फ्रेंच दाव्यांतील सनदांचा पसारा बाजूला केला की उरते ते एवढेच, हे त्याला दाखवावयाचे होते.

५. जाहीरनामा, मृत्युपत्र आणि पत्र : १६८८–१७०९

सप्टेंबर १६८८ मध्ये लुईने जाहीरनामा काढून फिलिप्सबुर्गला वेढा घातला. रेगेन्सबुर्गचा तात्पुरता तह कायम करावा आणि कोलोनच्या धर्मपीठावर आपल्या पक्षाचा उमेदवार यावा, या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. सम्राट तुर्कांवर विजय मिळवून मोकळा होत आहे, तेव्हा त्याआधीच घाव घालावा, हा हिशेब त्यामागे होता. लिन यांचे सूत्र येथे उत्तम लागू पडते. भीती खरी होती. उपाय मात्र त्या भीतीला बळकटी देणारा निघाला. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने पॅलाटिनेटमधील हायडेलबर्ग, मानहाइम आणि शेजारची स्पायर व वर्म्स ही नगरे पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केली. शत्रूला छावणी घालता येऊ नये म्हणून निर्जन पट्टा निर्माण करणे हा उद्देश बचावाचाच होता. पण जर्मन स्मृतीत लुईची प्रतिमा त्या ज्वाळांनीच कोरली गेली. काही महिन्यांचे म्हणून सुरू केलेले युद्ध नऊ वर्षे चालले. त्याची झळ कोरोमांडल किनाऱ्यापर्यंत पोहोचली : १६७७ मध्ये फ्रान्स्वा मार्तँने शिवाजी महाराजांकडून ज्या पुदुच्चेरीच्या वखारीसाठी अभय मिळवले होते, ती १६९३ मध्ये डचांनी घेतली आणि रिझविकच्या तहान्वये (१६९७) परत केली. त्या तहात लुईने लक्झेंबर्ग आणि पुनर्मीलनाचे बहुतेक प्रदेश सोडले व स्ट्रासबूर राखले.

१७०० चा प्रसंग सर्वांत अवघड आहे, आणि तेथे लुईला न्याय दिला पाहिजे. स्पेनचा वारसा शांततेने वाटला जावा म्हणून त्याने विल्यमबरोबर १६९८ आणि १७०० मध्ये दोन विभाजन-करार केले. त्यांत प्रतिपक्षाबरोबर बसून मजकूर ठरवण्याची वृत्ती स्पष्ट दिसते. पण कार्लोसने मृत्युपत्रात संपूर्ण साम्राज्य लुईच्या नातवाला दिले. फ्रान्सने नाकारल्यास ते ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूककडे जावयाचे होते. स्वीकारावे तर करार मोडतो, नाकारावे तर जुना वेढा पुन्हा पडतो. नोव्हेंबर १७०० मध्ये लुईने मृत्युपत्र स्वीकारले, यात आक्रमण शोधणे कठीण आहे. पुढच्या दहा महिन्यांत मात्र त्याने नातवाचा फ्रेंच गादीवरील हक्क कायम असल्याचे नोंदवले, सीमेवरील दुर्गांतून डच शिबंदी काढून लावली आणि विल्यमला मान्यता देऊनही पदच्युत दुसऱ्या जेम्सच्या मुलाला इंग्लंडचा राजा म्हणून मानले. यांतील प्रत्येक कृतीला हक्काचा आधार होता. पण त्या हक्काचा विरुद्ध बाजूला काय अर्थ लागेल, हा विचार पुन्हा एकदा राहून गेला.

१७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर हेग येथे मित्रपक्षांनी तहाच्या ज्या अटी घातल्या, त्यांत नातवाला स्पेनमधून काढण्याची जबाबदारी लुईवरच येत होती. त्याने अटी फेटाळल्या आणि १२ जून १७०९ रोजी प्रांताधिपतींना पत्र लिहून तहाची बोलणी का फिसकटली हे प्रजेला कळवले. ज्या राजाला १६७२ मध्ये कारण देण्याची गरज वाटली नव्हती, तो आता आपल्याच प्रजेला कारण सांगत होता. या वेळी एकतर्फी अर्थ लादणारे मित्रपक्ष होते, आणि बचावाची भाषा लुईच्या तोंडी प्रथमच पूर्णपणे खरी वाटते.

६. समारोप

या सर्व काळातील सर्वांत कठोर वाचन फ्रान्सच्या आतून आले. राजाच्या नातवाचा शिक्षक फेनलों याने १६९३–९४ च्या सुमारास लुईला उद्देशून एक निनावी पत्र लिहिले. ते राजाच्या हाती पडले असण्याची शक्यता कमीच आहे. १६७२ चे युद्ध हे पुढील सर्व अनर्थांचे मूळ, असे त्याने त्यात म्हटले. स्वतःच्या सुरक्षिततेची गरज शेजाऱ्याची भूमी घेण्याचा अधिकार देत नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले. १६९५ मध्ये तो ज्या कांब्रेचा आर्चबिशप झाला ते शहर १६७७ मध्ये लुईने जिंकलेलेच होते. त्याची ‘तेलेमाक’ ही कादंबरी १६९९ मध्ये त्याच्या संमतीवाचून छापली गेली आणि युद्धखोर राजांवरील तिच्यातील टीका वाचकांनी लुईवर घेतली. दरबाराचे दार त्याला बंद झाले.

फेनलोंच्या या भेदामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य होते. गरज आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की ‘बचाव की आक्रमण’ हा पर्याय राहत नाही. १६७२ चे युद्ध कोणत्याही मापाने आक्रमक होते. १६६७ मध्ये आणि १६७९ ते १६८८ या काळात साध्य कमीअधिक बचावाचे असूनही धोरण आक्रमक होते, कारण दुसऱ्या पक्षाच्या उत्तराला त्यात जागा नव्हती. १६९८ ते १७०० या काळात ते तसे नव्हते, आणि १७०९ मध्ये तर मुळीच नव्हते. काळाच्या मर्यादा दाखवून लुईला निर्दोष ठरवता येत नाही, कारण त्याच काळातील लिसोला, लायब्निझ आणि फेनलों यांनी हा दोष त्याच काळाच्या भाषेत दाखवला होता.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात रस वाटावा तो याचसाठी. भारतीय भाषांतील बखरी, वकिलांची पत्रे, तहनामे आणि प्रशस्ती यांचे वाचन आपण बहुधा घटनांच्या पुराव्यासाठी किंवा शैलीसाठी करतो. ही संहिता कोणाच्या उत्तराची अपेक्षा करते आणि कोणाचे उत्तर अशक्य करते, हा प्रश्न तेथेही विचारता येईल. आपला राजा ‘मोहीम’ काढतो आणि दुसऱ्याचा ‘आक्रमण’ करतो, या सवयीतून बाहेर पडण्यासाठी तो उपयोगी पडेल. लुईच्या बाबतीत तो प्रश्न विचारणारे लोक त्याच्या हयातीतच होते. मृत्युशय्येवर त्याने पाच वर्षांच्या पणतूला युद्धाच्या आवडीत आपले अनुकरण करू नकोस, असे सांगितल्याचे समकालीनांनी नोंदवून ठेवले आहे. फेनलोंच्या पत्राला राजाकडून मिळालेले उत्तर म्हणून त्याकडे पाहता येते, जरी ते पत्र राजाने कधी वाचले नसले तरी.